बीबीकट बाही

धान कापून झालं, बांध्या मोकळ्या दिसायला लागल्या, की आमच्या भंडारा जिल्ह्यातली माणसं मऊ होतात. एकमेकांना चहाला बोलावतात, पोरींची लग्नं ठरवतात, वर्षभराची भांडणं मिटवून टाकतात. माझं उलट आहे. मला नेमका याच दिवसांत राग येतो. तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा तो कोरडा, थोडासा गोडूस वास खिडकीतून आत आला की माझ्या दाढा आपोआप एकमेकींवर बसतात. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण हा राग काही म्हातारा होत नाही. मुलगी म्हणते, "अम्मी, बीपीची गोळी घेतलीस का?" मी गोळी घेते आणि राग आहे तिथेच ठेवते.

काल दुपारी बाल्कनीत बसले होते. खालून पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या मागून स्कूटीवर दोन मुली गेल्या. दोघींच्या अंगात बुरखे. हल्ली अबाया म्हणतात म्हणे. एकीचा राखाडी, एकीचा काळा, आणि काळ्या बुरख्याच्या बाहीला मनगटापासून वर गेलेली एक चीर, चिरेवर ओळीने कापडी बटणं. मी उठून उभीच राहिले. वाटलं, धावत खाली जावं, स्कूटी थांबवावी आणि विचारावं, पोरी, ही चीर कुठून आली ठाऊक आहे का तुला? ती म्हणाली असती, ऑनलाईन मागवला. तिचं काय चुकलं? जगात आणखी कुठे कुठे कुणी कुणी अशी बाही शिवली असेल, मला त्यांच्याशी कर्तव्य नाही. आमच्या पवनीत ती चीर कशी आली हे मात्र मी पाहिलं आहे, आणि ते मी मरेपर्यंत सांगत राहणार आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी शमीम, घरातली धाकटी, दहावीच्या उंबरठ्यावरची. सगळे मला शम्मो म्हणायचे. जमीला आपा माझ्याहून बरीच मोठी. अब्बा बस स्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचे आणि आपा ओसरीवर शिलाई मशीन चालवायची. घरात आम्ही नागपुरी हिंदी बोलायचो, अंगणात मराठी, आणि भांडताना दोन्ही. शेजारी सुगंधाकाकूंचं घर. कोष्ट्याचं घर, दिवसभर मागाची खटखट. त्यांचा माग आणि आपाची मशीन दोन्ही एकदम सुरू असले की अम्मी कपाळाला हात लावून म्हणायची, या दोन बायांच्या मध्ये मी बहिरी होणार.

त्या दिवसांतल्या सकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. वैनगंगेवरचं धुकं गल्लीत शिरायचं आणि बकऱ्यांच्या पायात घुटमळायचं. गावाबाहेर खळ्यांवर धानाचे पुंजणे रचलेले, मळणीचं चुरणं सुरू झालं की हवेत बारीक कूस उडायचं आणि मानेला, दंडाला खाज सुटायची. राईस मिलकडून उकडलेल्या धानाचा उबट वास यायचा. बायांच्या बोलण्यात लग्नं, लाडू, लुगडी. आणि आमच्या ओसरीवर कापडाचे ढीग, कारण ज्याच्या घरी धान आलं त्याच्या घरी कापड आलं. आपा तोंडात टाचण्या धरून त्या ढिगात बसलेली असायची आणि कुणी काही विचारलं तर नुसती भुवई उडवायची.

तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगते. पडद्यातल्या बायकांचे कपडे तेव्हा पुरुष शिंपीच शिवायचे, पण शिंप्याने बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही. मग करायचं काय? बाईचा जुना कुर्ता, जुना जंपर पोराबाळांच्या हाती शिंप्याकडे पाठवायचा. त्याला म्हणायचं नाप. शिंपी त्या जुन्या कपड्यावरून नवा बेतायचा. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यातल्या बायका सगळ्या आपल्या लग्नाच्या वर्षी होत्या तेवढ्याच मापाच्या! चार बाळंतपणं झाली, अंग सुटलं किंवा आटलं, तरी नाप तोच. काखेत उसवलेलं, पाठीवर ताणलेलं, आणि तक्रार कुणाकडे करायची? बुरख्याचं तर बोलायलाच नको. अम्मीचा बुरखा आजीचा होता. तो कुणाच्याच मापाचा नव्हता, म्हणून सगळ्यांना व्हायचा.

आपाने ही रीत मोडली. नागपूरला मामूंकडे राहून ती शिवणकाम शिकून आली होती. तिथे तिने कॉलेजात जाणाऱ्या मुली पाहिल्या होत्या, कोटासारखे काळे बुरखे घातलेल्या, हातात पर्स, पायात टाचेच्या चपला. सगळं झाकलेलं आणि तरी चालताना माणूस चालतंय असं दिसायचं. पवनीला आल्यावर तिने पहिलं काम केलं ते नाप परत पाठवायचं. "मी अंगाचं माप घेते," ती सांगायची. "मी बाईच आहे ना? मग लाजायचं कुणाला?" बायका यायच्या, ओसरीच्या आतल्या खोलीत हात पसरून उभ्या राहायच्या, आणि टेप कमरेभोवती फिरला की गुदगुल्या झाल्यासारख्या हसायच्या. कित्येकींच्या अंगाला लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी नीट विचारलं होतं, तू आता केवढी आहेस म्हणून.

त्याच दिवसांत आपाची मंगनी झाली होती. मुलगा भंडाऱ्याचा, कापड दुकानात कामाला. त्याची सख्खी खाला, म्हणजे मावशी, आमच्याच मोहल्ल्यात राहायची आणि तिनेच हे जमवलं होतं. नाव खैरुन्निसा, राईस मिलवाल्यांची मालकीण. सगळा मोहल्ला तिला बीबी म्हणायचा. बीबी म्हणजे पांढराशुभ्र जुना टोपीवाला बुरखा, मोठं चांदीचं पानदान आणि त्या पानदानातला सरोता. सुपारी कातरायचा तो अडकित्ता कट्ट वाजला की बायका बोलायच्या थांबायच्या. कुणाच्या घरी काय शिजावं, कुणाच्या पोरीने शाळा कधी सोडावी, कुणाच्या ओढणीचा रंग किती भडक, सगळ्याचा निवाडा त्या कट्टवर व्हायचा.

आपाने स्वतःसाठी बुरखा शिवायचं ठरवलं तेव्हा ती सुगंधाकाकूंकडे गेली. तिला काळं सुती कापड हवं होतं, आणि त्याला काळीच किनार.

काकूंनी कपाळावर आठ्या घातल्या. "काळ्यावर काळी किनार? दिसन कोनाले वो पोट्टी ते? मले तं इनतानाच दिसनार नाई."

"उजेड पडला का दिसन, काकू," आपा म्हणाली. "ज्याले नीट पाह्यचं आहे, त्यालेच दिसलं पायजे."

काकू बराच वेळ हसल्या आणि मग नवऱ्याला कामाला लावलं. ते कापड आलं ते मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला काहीच वेगळं दिसलं नाही. दारात नेलं, आणि ऊन पडताच कडेने वेलबुट्टी उठून आली. मी आत नेलं, ती गेली. पुन्हा दारात नेलं. असा खेळ मी इतका वेळ केला की अम्मीने माझ्या पाठीत धपाटा घातला.

आपाने कोट बेतला. खांद्यावर बसणारा, कमरेत किंचित आत, खाली पायघोळ. वरची झूल डोक्यावरून कोपरापर्यंत. आणि बाही! कोपरापर्यंत सरळ आणि तिथून मनगटाकडे घंटेसारखी पसरत गेलेली, तिच्या काठाला ती काळी किनार. बोटांची टोकं सोडली तर बाईचा एक तसूभर भाग दिसत नव्हता. मी इथे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते अंग दिसलं म्हणून झालेलं नाही.

मोहल्ल्यात एक लग्न होतं. बायकांच्या बाजूला कनात लावलेली, आत दोरीवर सगळ्यांचे बुरखे टांगलेले, पुलावाचा वास, मेंदी, ढोलकी. आपाचा बुरखा दोरीवरच पोरींच्या नजरेत भरला. घालून दाखव, घालून दाखव म्हणून तिच्या मागे लागल्या. आपाने घातला, आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या तशी एक गिरकी घेतली. एकच. कनातीच्या फटीतून ऊन आत येत होतं आणि बाहीचा काठ त्या उन्हातून फिरला. बायका आह म्हणाल्या. मी पाहिलं, त्यात म्हाताऱ्याही होत्या.

तख्तावर पानदान उघडून बीबी बसली होती. तिने अगदी मायेने हाक मारली. "इधर आ बेटी. हाथ दे."

आपाला वाटलं, होणारी सासरची बाई कापड बघायला मागते आहे. ती हसत गेली आणि तिने हात पुढे केला. बीबीने बाहीचा काठ चिमटीत धरला, दोन बोटांत चोळून पाहिला, आणि पानदानातला सरोता उचलून त्या बाहीत घातला. कट्ट. मग पुन्हा कट्ट. सुपारीचं हत्यार ते, कापडावर नीट चालत नाही. त्याने किनार कापली नाही, चावली. वाकडीतिकडी चीर मनगटापासून वर गेली आणि तिथे दोरे लोंबायला लागले.

"परदा इसलिए होता है के कोई देखे नहीं," बीबी म्हणाली. "तूने तो देखने का सामान बना लिया." मग त्याच सरोत्याने तिने सुपारी कातरली आणि पान लावलं.

ढोलकी थांबली होती. मघाशी टाळ्या वाजवणाऱ्या पोरी आता आपल्या मेंदीकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं तर अम्मीने माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की बांगडी पिचली. बीबीच्या मांडीशी तिची मुलगी रुखसाना बसली होती, सात-आठ वर्षांची असेल, ती डोळे विस्फारून आपाच्या लोंबत्या बाहीकडे बघत होती. आपाने बुरखा काढला, घडी केली, जेवण न करता घरी आली. वाटेत ती रडली नाही. मी रडले, आणि माझा मला इतका संताप आला की मी दगड उचलून मिलच्या पत्र्यावर मारला.

आठवडा झाला नसेल, मंगनीचं ताट परत आलं. निरोप असा, की ज्या मुलीचे कपडे चारचौघींत कातरावे लागतात ती मुलगी घरात कशी आणायची. कातरलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. मुलगा एका शब्दाने बोलला नाही. मी त्याला भंडाऱ्याच्या बस स्टँडवर पुढे एकदा पाहिलं. त्याच्या अंगात बेलबाटम होती, घोट्याशी एवढी रुंद की रस्ता झाडत चालला होता. चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, छातीपर्यंत उघडी बटणं, कानावर केस. त्याच्या त्या घेराला कुणी सरोता लावला नाही! माझ्या पायातली चप्पल हातात आली होती, पण बस सुटली.

मग बीबीने घरोघर निरोप फिरवला, की सायकलवाल्याच्या पोरीकडे कपडे टाकायचे नाहीत. ऐन हंगामात आमच्या ओसरीवरचे ढीग एकेक करून उठले. बायका तोंडावर काही म्हणायच्या नाहीत. घाई आहे, गावाला जायचंय, असं काहीतरी पुटपुटायच्या आणि कापड काखोटीला मारून निघायच्या. ज्यांच्या कमरेभोवती आपाचा टेप फिरला होता त्याच या. मशीनवर अम्मीने जुनी चादर टाकली. समोरच्या घरी लग्न, मागच्या घरी लग्न, आणि आमच्याकडे फक्त काकूंच्या मागाची खटखट. लग्न तर मोडलंच होतं, आता आपाच्या हाताचं कामही जाणार होतं. ते गेलं असतं तर आपाचं काय उरलं असतं ते मला त्या वयातही कळत होतं.

अब्बा गरीब स्वभावाचे. ते म्हणाले, "जा बेटा, बीबीची माफी मागून ये. एवढ्यात भागलं तर बरं."

आपा म्हणाली, "जाईन. आधी बाही शिवते."

माझं वेगळंच चाललं होतं. नदीकाठच्या झुडपांत खाजकुयली वाढते. तिच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. मी दोन काड्यांच्या चिमट्यात धरून शेंगा तोडल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या आणि पुढच्या लग्नाची वाट बघत बसले. दोरीवर टांगलेला तो पांढरा बुरखा, त्याच्या आत ही लव, आणि तख्तावर नाचणारी बीबी. या चित्रावर मी कित्येक दिवस काढले, जेवणसुद्धा गोड लागत होतं. पण आपाने पुडी शोधून काढली आणि चुलीत घातली.

"खाज एका दिवसात जाते, शम्मो," ती म्हणाली. बस, एवढंच. तेव्हा मला वाटलं, आपा भित्री आहे. राग फक्त माझ्या एकटीच्या वाट्याला आला आहे.

तिने बाही मांडीवर पसरली. चावलेले काठ सारखे केले, आत दुमडले, घेर कमी करून बाही मनगटाशी बसती केली. काकूंनी मागावर उरलेली किनारीची एक पट्टी आणून दिली. "घे वो माय," त्या म्हणाल्या, "त्या बुढीच्या दातात खुपस." आपाने ती पट्टी चिरेच्या दोन्ही बाजूंनी लावली, आतून काळ्या कापडाचं एक पान जोडलं म्हणजे चीर उघडली तरी मनगट दिसू नये, आणि वरून कापडाची गोल बटणं लावली. मग दुसरी बाही घेतली. ती धड होती. आपाने कात्री उचलली आणि त्या धड बाहीला तशीच चीर पाडली. मी किंचाळले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो बुरखा घालून ती मिलादला, पैगंबरांच्या जन्माच्या मजलिशीला, गेली. माफी मागायला मात्र गेली नाही, आणि अब्बांनी पुन्हा विषय काढला नाही. मिलादच्या घरी नमाजची वेळ झाली, बायका वजू करायला, नमाजआधी तोंड, पाय आणि कोपरापर्यंत हात धुवायला, हौदापाशी गेल्या. बाकीच्यांची नेहमीची तारांबळ. कुणी बुरखा काढून कुठे ठेवायचा ते शोधते आहे, कुणाची घट्ट बाही कोपरावर अडकली आहे, कुणाची ओली झाली आहे. आपाने बटणं सोडली, बाही कोपरापर्यंत वर सरकवली, वजू केला, बाही खाली, बटणं बंद. शेजारी एक वयस्क बाई होती, रोजे-नमाजची पक्की, जिच्या शब्दाला बायकांत मान होता. तिने आपाची बाही हातात घेऊन बटणं चाचपली. मग म्हणाली, "ये तो अच्छी चीज है, बेटी. मेरे बुरखे को भी कर देगी?"

आता बोल, बीबी! मी मनात म्हटलं. बोल आता काय बोलतेस ते! जिच्याकडे बायका दुवा मागायला जायच्या, त्या वयस्क बाईच्याच बाहीला ती चीर आली. मग तिच्या सुनांच्या. मग एकेक करत ढीग पुन्हा ओसरीवर यायला लागले. म्हाताऱ्या वजूसाठी मागायच्या. पोरी बटणांसाठी मागायच्या आणि वजूचं नाव सांगायच्या. आईला सांगायचं एक, आरशाला दुसरं, आणि खोटं त्यात काहीच नाही. बायका आल्या तशा मी त्यांना पाणीबिणी विचारलं नाही, दारात उभी राहून नुसती बघत राहिले. आपा मात्र टेप गळ्यात घालून प्रत्येकीला म्हणायची, हात पसर.

एका दिवशी तुमसरकडून आलेल्या एका मुलीने विचारलं, "या बाहीले काय म्हनतेत?"

आपाचं तोंड टाचण्यांनी भरलेलं होतं. मी सांगून टाकलं, "बीबीकट."

"कोनती बीबी?"

"आहे आमच्या मोहल्ल्यात एक. तिच्या हातची कला आहे."

आपाने भुवई उडवली, पण टाचण्या काढून मला गप्प केलं नाही. नाव चाललं. अहो, धावलं! पुढच्या हंगामात मोहाडीकडून, भंडाऱ्याहून बायका यायच्या आणि बीबीकट मागायच्या. सुगंधाकाकू म्हणाल्या, "मले बी पोलक्याले थो बीबीकट लावून दे वो, भांडे घासाले बरा." आणि खरंच त्यांच्या पोलक्याच्या बाहीला तो लागला. बीबी कुणाच्या लग्नात गेली की चारी बाजूंनी तीच चीर तिच्या भोवती फिरायची, पान घ्यायला तीच बाही पुढे यायची. मी लांबून तिच्या चेहऱ्याकडे बघायची. हंगामभर माझी करमणूक तीच होती.

मला अलीकडे लोक विचारतात. दोन जातींचे असतात. एक म्हणतात, तुम्ही अजून हे घालता? दुसरे म्हणतात, घालता तर त्यात नखरे कशाला? दोघांनाही मी एकच उत्तर देते, की चहा घ्या आणि निघा. एकाला आमच्या अंगावरून कापड काढायचं आहे, दुसऱ्याला त्याचं पोतं करायचं आहे, आणि बाही कशी हवी हे आम्हाला विचारायची गरज दोघांनाही वाटत नाही. अंग झाकायचं हे आपाने ठरवलं होतं. कसं झाकायचं हेही तीच ठरवणार होती, एवढंच तिचं म्हणणं. त्या एवढ्याशा म्हणण्याला सरोता लागला. म्हणून मी विसरत नाही. आपा आता मोहाडीला असते. तिने पुढे लग्न केलं, चांगल्या माणसाशी, ज्याला बायकोच्या मशीनचा आवाज आवडायचा. फोनवर ती म्हणते, "जाऊ दे ना शम्मो, बीबी अल्लाहकडे गेली." मी म्हणते, तिथे तिला आपली बाही भेटो.

पण बदला काय असतो, हे मला माझ्या रागाने शिकवलं नाही.

मधे वर्षं गेली. लग्नांत भाड्याचा व्हिडिओ यायला लागला होता. असेच दिवस, असंच तणस गल्लीत सांडलेलं. बीबीच्या रुखसानाचं लग्न नागपूरला ठरलं. आणि रुखसतीला, सासरी जायला निघताना, अंगात जो बुरखा घालायचा, तो रुखसानाला जमीला आपाच्याच हातचा हवा होता, बीबीकट बाहीचा. नाव कुणावरून पडलं ते पोरीला ठाऊक नव्हतं. तिने दोन दिवस जेवण सोडलं असं मोलकरणीकडून कळलं. मग ती मोलकरीण आमच्या ओसरीवर आली, काखेत रुखसानाचा जुना कुर्ता.

आपाने कुर्ता हातात घेतला, घडी केली आणि परत दिला. "मी कापडाचं माप घेत नाई, अंगाचं घेतो. पोरीले पाठवा. आनि लग्नाचा बुरखा असन तं माय बी सोबत पायजे."

माय सोबत पाहिजे, हा नियम आपाने त्या क्षणी केला होता. मी आत भिंतीला पाठ लावून उभी होते, मला हसू आवरेना. मोलकरीण आणखी एकदा कुर्ता घेऊन आली. तो तसाच परत गेला.

शेवटी पडदा लावलेली रिक्षा आमच्या दारात थांबली. उन्हं ओसरीवर आली होती. रुखसाना उतरली, मागून बीबी उतरली, तोच पांढरा बुरखा, आणि तिच्या मागे पानदान घेतलेली मोलकरीण. पानदानाशिवाय बीबी घराबाहेर पडायची नाही. आपाने सतरंजी घातली, अम्मीला चहा टाकायला सांगितलं, रुखसानाला आत नेऊन माप घेतलं. एक शब्द वावगा नाही. मला तिचा इतका राग आला! एवढी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस दारात आला आणि ही बाई साखर किती विचारते आहे.

काही दिवसांनी कोट अंगात घालून बघायला दोघी पुन्हा आल्या. कोट तयार होता, बाह्या धड होत्या. आपाने तो रुखसानाच्या अंगात घातला, मनगटापासून वर खडूची रेघ ओढली. मग कोट काढून बीबीच्या मांडीवर पसरला.

"हाथ दो, बीबी," ती म्हणाली. आवाज अगदी मायेचा.

बीबीला वाटलं, तिचंही माप घ्यायचं असेल. तिने हात पुढे केला. आपाने पानदान उघडलं, सरोता काढला आणि त्या हातात ठेवला.

"बीबीकट आहे," आपा म्हणाली. "पयला काप बीबीचाच पायजे."

रुखसाना हसायला लागली. तिला ती थट्टा वाटली. मग तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू अर्ध्यावर थांबलं. "अम्मी? ये आपका नाम है?" सात-आठ वर्षांच्या पोरीने तख्तापाशी बसून जे पाहिलं होतं ते तिच्या डोळ्यांत हळूहळू परत येताना मी पाहिलं. ती आईपासून थोडी लांब सरकली.

आपाच्या मागे खुंटीवर तिचा जुना बुरखा टांगलेला होता. ऊन सरकत तिथवर गेलं होतं आणि काळ्यावरची काळी किनार दिसत होती, चिरेच्या दोन्ही बाजूंनी. बीबी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, उठेल, सरोता फेकेल, शिव्या देईल. मी तयार होते. पण पोर समोर उभी होती आणि लग्न तोंडावर होतं. बीबीने बाहीचा काठ चिमटीत धरला आणि सरोता घातला. कट्ट. आवाज तोच, फक्त चीर खडूच्या रेघेवरून घसरून बाजूला गेली.

"टेढा हो गया," बीबी म्हणाली. इतकं हळू, की माग चालू असता तर ऐकूही आलं नसतं.

"होने दो," आपा म्हणाली आणि कोट तिच्या मांडीवरून ओढून घेतला. "उस दिन भी टेढा ही हुआ था. सीधा मैं कर लूँगी." आणि तिने मशीनच्या चाकाला हात घातला.